कच्चा माल : भांडण

आमच्या कारखान्यातली बिअर भांडण ऐकल्याशिवाय आंबत नाही. ही गोष्ट दारूबंदी-उत्पादन शुल्क खात्याला लेखी कळवणारा पहिला माणूस मी. कळवलं नसतं तरी चाललं असतं, असं पुष्कळांचं मत पडलं. पण मी एकतीस वर्षं मामलेदार कचेरीत काढली आहेत. एखादी वस्तू वापरायची आणि कच्च्या मालाच्या रकान्यात लिहायची नाही, हे मला जमत नाही.

बिअरचं नाव गोझे. जर्मनीत ती फार जुनी आहे. गव्हाची असते, चवीला आंबट, त्यात धणे पडतात आणि मीठही पडतं. आमच्या मालकीण मृण्मयी कवठणकर ही विद्या लाइपझिग गावी चार वर्षं राहून शिकल्या आणि परत येऊन त्यांनी कुडाळच्या अलीकडे बंद पडलेल्या भातगिरणीत कारखाना टाकला. गहू घाटावरून येतो, धणे बाजारातून, मीठ खाजणवाडीच्या मिठागरातून. मी तिथे कारकून आहे. मी स्वतः पीत नाही, त्यामुळे चवीबद्दल जे सांगेन ते यंत्रावरून सांगेन. आंबटपणा मोजायचं एक यंत्र असतं. त्यावरचा आकडा जितका खाली, तितकी बिअर आंबट. आमची टाकी भरताना आकडा पाचाच्या आसपास असतो आणि तो साडेतीनावर आला की बिअर झाली.

पहिल्या खेपेला आकडा पाचावरून हलला नाही. मृण्मयीताईंनी जर्मनीत गुरूंना फोन लावला. ते म्हाताऱ्या माणसाच्या सावकाशीने म्हणाले, की तुझ्याकडे कोणी भांडत नसेल. त्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर घटस्फोटाच्या वकिलाचं ऑफिस होतं, त्यामुळे त्यांना कधी वेगळी सोय करावी लागली नव्हती. शिष्येला हे सांगायचं राहून गेलं, याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

मग आम्ही सोय करायला लागलो. आधी टीव्हीवरच्या चर्चा मोठ्या आवाजात तीन दिवस टाकीला ऐकवल्या. बिअरला नुसता फेस आला आणि झाकणाची झडप तुंबली. ग्रामपंचायतीची मासिक सभा कारखान्याच्या आवारात भरवून घेतली. तिने कडवटपणा वाढला, आंबटपणा नाही. शेवटी दशावताराची एक मंडळी बोलावली. भीम आणि दुर्योधन टाकीसमोर पाऊण तास तुटून पडले, गदा मोडली, बघायला आलेली माणसं हळहळली. आकडा जागच्या जागी. बिअरला नाटक कळतं, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. मात्र रंग पुसताना भीम दुर्योधनाला म्हणाला की तू माझी दोन वाक्यं खाल्लीस, आणि त्यावरून जे झालं त्यात आकडा दोन दशांश उतरला. दुसऱ्या दिवशी दोघांचं गोड झालं, आकडा पुन्हा पाचावर चढला आणि मंडळी निघून गेली.

द्वारकाकाकी आणि शेवंतीकाकी मिळाल्या त्या योगायोगाने. मृण्मयीताई मीठ आणायला खाजणवाडीला गेल्या होत्या. जीपमध्ये, पुढे प्रयोगशाळेत द्यायचा म्हणून, न आंबलेल्या बिअरचा एक कॅन होता. मिठागरावर वीस मिनिटं जीप उभी राहिली. प्रयोगशाळेने कळवलं की नमुना उत्कृष्ट आंबलेला आहे, आकडा तीन पूर्णांक चार. ताई उलट्या पावली खाजणवाडीला गेल्या आणि त्या वीस मिनिटांत तिथे कोण भांडत होतं याची चौकशी केली. मिठागरावरच्या माणसांना प्रश्नच कळेना. त्या दोघी रोजच भांडत होत्या.

दोघी रेडकरांच्या सुना, सख्ख्या जावा. द्वारकाकाकी थोरली, उंच, हाडाची, पासष्टीची. शेवंतीकाकी तीन वर्षांनी लहान, ठेंगणी, बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघणारी. नवरे वारले होते, मुलं मुंबईला. घरं शेजारी शेजारी आणि विहीर एक.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. सव्वीस वर्षांपूर्वी नणंदेच्या, म्हणजे कुसुमच्या लग्नात काळ्या वाटाण्याचं सांबारं खारट झालं होतं. खारट म्हणजे तोंडात धरवेना इतकं. वरपक्षाचे दीडशे लोक पानावरून उठले. सासूने भर मांडवात दोघी सुनांना विचारलं की मीठ कोणी घातलं, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, मी घातलं. म्हणजे दोनदा पडलं, हे सिद्ध झालं. पहिल्यांदा घालणारीचा दोष नव्हता, दुसऱ्यांदा घालणारीचा होता. पहिली कोण, एवढाच प्रश्न होता, आणि तो सव्वीस वर्षं सुटला नव्हता.

ताईंनी नोकरी देऊ केली तेव्हा शेवंतीकाकीने विचारलं की काम काय. काम सांगितल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि थोरलीने स्पष्ट केलं, "सांगून आमका भांडूक जमाचा नाय. येतला तेवा येतला."

ताई म्हणाल्या, चालेल. एकादशी, संकष्टी आणि गणपतीचे दिवस भांडण बंद राहील, ही अटही मान्य झाली. कारखान्याची जीप सकाळी साडेनऊला त्यांना आणायची. टाकीजवळ दोन खुर्च्या टाकल्या. दोघी मटार सोलायचं, चिंच निवडायचं असं काहीतरी हाताला घेऊन बसत आणि दहाच्या सुमाराला विषय आपोआप निघे. दुपारपर्यंत टाकी उतरणीला लागलेली असे. सासूच्या आठवणीने द्वारकाकाकीच्या डोळ्यांत पाणी आलं, की त्या दिवशीची बिअर जरा जास्त खारट उतरे; त्यामुळे धण्यांबरोबर टाकायचं मीठ मला खेपेमागे चाळीस ग्रॅमने कमी लिहावं लागलं.

इथे मी खात्याला पत्र लिहिलं.

खात्याचे दुय्यम निरीक्षक निखाडेसाहेब भंडाऱ्याकडचे, चाळिशीचे, अतिशय सरळ गृहस्थ. पत्र घेऊन ते स्वतः आले. हसले नाहीत. त्यांनी विचारलं की भांडण स्थानिक आहे की बाहेरून येतं. मी म्हटलं, खाजणवाडीचं आहे, तालुका हाच. तसं असेल तर वाहतूक परवाना लागणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढे मी माझ्याच शंकेने विचारलं की कधीकधी भांडण जीपमध्येच सुरू होतं आणि कारखान्यात पोचेपर्यंत थोडं ओसरलेलं असतं, त्याचं काय. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की ही वाहतुकीतली घट धरावी. दोन टक्क्यांपर्यंत चालते, पण चालकाची सही घ्यावी. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

मात्र एक गोष्ट त्यांनी परवान्यावर लिहूनच ठेवली. परवाना 'आंबट-खारट गव्हाची बिअर' या प्रकाराखाली एक वर्षापुरता आहे. नूतनीकरणाच्या दिवशी ते स्वतः टाकीवर आकडा घेतील. तो साडेतीनाच्या वर असेल तर माल त्या प्रकारात बसणार नाही, टाकी ओतून द्यावी लागेल आणि कारखान्याला टाळं लागेल. तारीख फेब्रुवारीतली, मंगळवारची होती.

वर्ष चांगलं गेलं. आमच्या बिअरला गोव्यापासून पुण्यापर्यंत मागणी आली. गावातली अकरा माणसं कामाला लागली. त्यांत बाटल्या धुणाऱ्या सहा बायका होत्या, ज्यांना त्याआधी काजूच्या मोसमाशिवाय काम नव्हतं. मृण्मयीताई पहिल्यांदा रविवारी सुट्टी घ्यायला लागल्या.

नूतनीकरणाच्या मंगळवारच्या आधीच्या गुरुवारी बेळगावहून कुसुम आली.

कुसुम आता पन्नाशीची, चष्मा लावणारी, शाळेतल्या नोकरीतून नुकतीच मुदतीआधी निवृत्त झालेली. आपल्या दोन्ही वहिन्या दारूच्या कारखान्यात कामाला लागल्या, असं कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं आणि ती खातरजमा करायला आली होती. मी तिला टाकीजवळ तिसरी खुर्ची दिली. आजवर नणंद माहेरी आली की दोघी जावा तिच्यासमोर गोड वागत, भांडण झाकून ठेवत. पण आता ते त्यांचं काम होतं आणि साडेदहा वाजले होते. विषय निघाला. मांडव, सासू, दीडशे पानं, पहिली कोण.

कुसुमने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पदराला पुसला. मग ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही दोघींनी घातलं असेल एकेक मूठ. पण तीन मुठी मी घातल्या होत्या."

तिला ते लग्न नको होतं. जेवण बिघडलं की वरपक्ष रागावेल, रागावला की वरात परत जाईल, असा तिचा हिशोब होता. वरपक्ष रागावला खरा, पण उपाशीपोटी का होईना, तिला घेऊनच गेला. पुढे संसार बरा झाला, नवरा सज्जन निघाला, त्यामुळे हा विषय काढायचं कारण पडलं नाही, असं तिने सांगितलं. या गोष्टीवरून इकडे कोणी भांडत असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मग द्वारकाकाकीला हसू फुटलं. शेवंतीकाकीलाही ते आवरेना. दोघी इतक्या हसल्या की सोललेल्या मटारांनी भरलेलं सूप कलंडलं आणि बाटल्या धुणाऱ्या बायका बघायला आल्या. मी यंत्राकडे पाहिलं. सकाळी आकडा चार पूर्णांक एकवर होता. तो तिथेच थांबला होता.

शुक्रवारी दोघी जीपमधून उतरल्या त्या हातात हात घालून. भांडायला त्यांनी ना म्हटलं नाही. कामाला त्या प्रामाणिक होत्या. विहिरीचा विषय काढून पाहिला, मांजराचा काढला, पण दोन वाक्यांत एक म्हणे, जाऊ दे, आणि दुसरी म्हणे, होय गो. शनिवारी शेवंतीकाकीने द्वारकाकाकीसाठी गूळ घालून पोहे आणले. त्या दिवशी आकडा चार पूर्णांक तीनवर चढला. मी तशी नोंद केली.

कामगार माझ्याकडे आले. म्हणाले, तुम्ही वयाने मोठे आहात, तुम्ही काकींना दोन खोट्यानाट्या गोष्टी एकमेकींविरुद्ध सांगा. बाटल्या धुणाऱ्या बायकांतली एक, पार्वती, मागे नुसती उभी राहिली. तिची मुलगी त्याच महिन्यात नर्सिंगला जाणार होती. मी मृण्मयीताईंकडे गेलो. त्या गिरणीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी कामगारांचं म्हणणं त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी आवारातल्या फणसाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, सव्वीस वर्षांनी त्या दोघी एका ताटात खातायत. माझ्या बिअरसाठी मी त्यात माती कालवणार नाही. टाळं लागलं तर लागू दे."

मी होकार दिला आणि वळलो, तर मागे दाराशी शेवंतीकाकी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिने माझ्या खांद्याकडे बघत विचारलं की ह्या यंत्रावरचा आकडा कितीवर यायला हवा. मी सांगितलं. ती मान हलवून गेली.

मंगळवारी निखाडेसाहेब बरोबर अकराला आले. आकडा घेतला: चार पूर्णांक तीन. त्यांनी पुन्हा घेतला, यंत्र पुसून तिसऱ्यांदा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसत होतं, पण पेन उघडलेलं होतं. कच्चा माल उपलब्ध आहे का, असं त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं. मी खुर्च्यांकडे बोट केलं. दोघी चिंच निवडत होत्या, आणि थोरली धाकटीला आपल्या नातवाचं कौतुक सांगत होती.

शेवंतीकाकीने हातातली चिंच खाली ठेवली.

"द्वारके," ती म्हणाली, "कुसमान मीठ घातलेला, ता माका म्हायत होता."

द्वारकाकाकी हसली. तिला ती थट्टा वाटली.

"चुलीकडच्या झरोक्यातसून मी बघलंय तिका. तिची मूठ बघलंय."

"तुका म्हायत होता? सव्वीस वर्सां?"

"होय."

"मग सांगलंस कित्याक नाय?"

शेवंतीकाकीने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "सांगलं असतंय तर पोरीचा लगीन मोडला असता. आणि मागसून सांगलं असतंय, तर तू रोज माझ्या दारात भांडूक इली नसतंस. दोघींचे घोव गेल्यार माझ्या दारात दुसरा कोण येय होता?"

मला वाटलं, आता मोठा स्फोट होईल. निखाडेसाहेबांनीही यंत्राची दांडी घट्ट धरली. पण द्वारकाकाकी काहीच बोलली नाही. तिने सुपातली निवडलेली चिंच एका बाजूला केली, न निवडलेली दुसऱ्या बाजूला केली, आपली खुर्ची उचलली आणि टाकीच्या पलीकडे नेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सासूने भर मांडवात जे ऐकवलं ते तिने इतकी वर्षं आपल्या अर्ध्या दोषापोटी सोसलं होतं, आणि दोष अर्धाही नव्हता हे माहीत असलेली बाई शेजारच्या घरात राहत होती.

आकडा उतरायला लागला. भांडणात तो अडखळत, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. आता तो एका रेषेत, आवाज न करता, ओहोटीच्या पाण्यासारखा उतरला. साडेअकराला चार, पावणेबाराला तीन पूर्णांक सात, बारा वाजता तीन पूर्णांक तीन. कारखान्यात बाटल्यांचाही आवाज येत नव्हता. निखाडेसाहेबांनी तीन वेळा आकडा घेतला आणि तिन्ही वेळा तोच आला.

मग त्यांनी पेन हातात धरून अडचण सांगितली. परवान्यात कच्चा माल 'भांडण' आहे. आत्ता जे घडलं ते भांडण नव्हे, कारण दुसऱ्या बाजूने एक शब्दही आलेला नाही. हा अबोला आहे. तो वेगळा माल ठरतो की त्याच मालाचा दुसरा प्रकार, हे पाहावं लागेल. त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्या अर्धा तास वाचलं. अखेर त्यांनी असा निर्णय दिला की गुळाची ढेप आणि काकवी जशी एकाच मुळाची, तसा अबोला हा भांडणाचाच दाट प्रकार समजावा; मात्र नोंदवही वेगळी ठेवावी.

नव्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर मालाच्या खरेपणाचा रकाना होता. साहेबांनी शेवंतीकाकीला विचारलं की तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते खरं आहे का. ती त्यांच्या खांद्याकडे बघत म्हणाली, "लिवा तुमका काय लिवचा ता."

साहेब माझ्याकडे वळले. मी त्यांना एवढंच सांगू शकलो की आमची बिअर नाटकाला फसत नाही. पण इथे बिअरने शेवंतीकाकीचं बोलणं घेतलं नव्हतं, द्वारकाकाकीचं दुखणं घेतलं होतं, आणि ते खरंच होतं. झरोक्यातून कोणी काय पाहिलं, ते यंत्रावर येत नाही. त्यांनी रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं, शिक्का मारला आणि परवाना तीन वर्षांचा करून दिला. जाताना ते द्वारकाकाकीच्या खुर्चीजवळ थांबले, काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं असावं, पण ते नमस्कार करून निघून गेले.

दुपारी मृण्मयीताई शेवंतीकाकीजवळ गेल्या. त्यांचे डोळे लाल होते. त्या म्हणाल्या, की हे तुम्ही आमच्यासाठी केलंत, आणि खोटं असेल तर मी आत्ता जाऊन द्वारकाकाकींना सांगते.

"खोटा म्हणान कोणी सांगला तुका?" शेवंतीकाकीने विचारलं आणि ती चिंच निवडायला लागली.

त्यानंतर दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. जीपमध्ये एक पुढे बसते, एक मागे. विहिरीवर एक सकाळी जाते, एक संध्याकाळी. अबोल्याला घट अजिबात लागत नाही, त्यामुळे चालकाची सही घेणं मी बंद केलं. गोव्याचे हॉटेलवाले म्हणतात की हल्लीची बिअर आधीपेक्षा खोल लागते. पार्वतीची मुलगी नर्सिंगला गेली.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी नोंदवही घेऊन टाकीजवळ बसलो होतो. द्वारकाकाकीने पिशवी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग ती मला म्हणाली, "तुळसकरांनू, तिका सांगा, मी डबो इसारलंय."

शेवंतीकाकी तीन हातांवर बसली होती. तिला ऐकू गेलं होतं. तरी मी उठून तिच्यापर्यंत गेलो आणि तिला सांगितलं.

"तिका सांगा," शेवंतीकाकी म्हणाली, "माझ्यातलो खा म्हणान. आणि बांगडो गरम आसा तवसर खा म्हणान सांगा."

मी परत येऊन तसं सांगितलं. द्वारकाकाकी आपली खुर्ची घेऊन उठली, टाकीला वळसा घालून आली आणि डब्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. दोघींनी एका झाकणात भात घेतला. एकीने काटे काढून बांगड्याचा मधला तुकडा सरकवला, दुसरीने तो मुकाट्याने उचलला. शब्द कोणी बोललं नाही.

मी यंत्र पाहिलं. आकडा तीन पूर्णांक तीनवरच होता. मी वेळ लिहिली, खाली सही केली आणि माझा डबा उघडला.